दाखल्यावर एक जून, मुलगा तुरुंगात

प्रश्न : ९ ऑगस्ट २०२५ च्या मारामारीत खुनाच्या प्रयत्नाच्या गुन्ह्यात मुलाला अटक झाली. त्याने नववीतच शाळा सोडली. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून २००७, ग्रामपंचायतीत १४ ऑक्टोबर २००७. पोलिसांनी दाखला धरून त्याला सज्ञान दाखवलं. तो तुरुंगात आहे. खरी तारीख ऑक्टोबरचीच, असं प्रतिज्ञापत्र मी नोटरी करून ठेवलंय. वकील म्हणतात, आरोपपत्र येऊ द्या.

उत्तर : एक जूनला जन्मलेली पोरं आपल्याकडे वर्गावर्गात सापडतात. शाळेत घालताना सोयीची तारीख सांगायची, खरा दाखला ट्रंकेत ठेवायचा आणि पोलीस दारात आले की तो शोधायचा! असो.

आधी ते प्रतिज्ञापत्र बाजूला ठेवा. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ९ नुसार न्यायालयाने वयाची चौकशी पुरावा घेऊन करायची असते. प्रतिज्ञापत्र चालत नाही, असं त्यातच लिहिलंय.

सगळं ठरणार ते कलम ९४ वर. त्यात पहिला मान शाळेच्या जन्मतारखेच्या प्रमाणपत्राला किंवा दहावीच्या बोर्डाच्या प्रमाणपत्राला. ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीचा जन्मदाखला, आणि तोही नसेल तरच हाडांची तपासणी. म्हणजे मुलगा दहावी झाला असता आणि प्रमाणपत्रावर हीच एक जून असती, तर तुमचं काम फार अवघड होतं. तो झालेला नाही. आणि शाळा सोडल्याचा दाखला किंवा प्रवेशाच्या रजिस्टरचा उतारा म्हणजे कलम ९४ मधलं जन्मतारखेचं प्रमाणपत्र नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने पी. युवाप्रकाश खटल्यात २०२३ मध्ये म्हटलंय. तुमची वाट तीच.

पंचायतीच्या नोंदवहीतल्या मूळ नोंदीची प्रमाणित प्रत काढा आणि तीत नोंदणीचा दिनांक पाहा. नोंद जन्मानंतर लगेचची असेल तर बाजू भक्कम. मागाहून केलेली असेल तर सरकारी वकील तिथेच बोट ठेवतील, आणि मग निकाल काय लागेल हे मी इथे बसून सांगणार नाही. शाळेत तारीख दुरुस्त करायला मात्र आत्ता जाऊ नका. गुन्ह्यानंतरच्या दुरुस्तीने नसता संशय येतो. हाडांची तपासणीही आपणहून मागू नका. तिच्यात दोनेक वर्षं इकडेतिकडे होतात, आणि तुमचा प्रश्न दोन महिन्यांचा आहे.

आरोपपत्राची वाट कशासाठी? अल्पवयीन असल्याचा दावा कोणत्याही टप्प्यावर, अगदी शिक्षेनंतरही करता येतो हे खरं, पण आपल्या न्यायालयांच्या तारखा पाहता तोवर पोरगा मोठ्यांच्या तुरुंगात पिकेल. अर्ज याच आठवड्यात द्या. चौकशी चालू असताना ताबा लागलाच तर तो सुरक्षित ठिकाणी असावा, अशी कलम ९(४) खालची मागणी त्याच अर्जात लिहा.

दावा मान्य झाला तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जाईल. खुनाच्या प्रयत्नाला किमान शिक्षा ठरलेली नाही, म्हणून तो कायद्याच्या भाषेत ‘गंभीर’ गुन्हा, ‘घोर’ (किमान सात वर्षं शिक्षेचा) नव्हे; मोठ्यांसारखा खटला चालवायचा का, हा प्रश्नच उठत नाही. सुधारगृहात ठेवलं तरी जास्तीत जास्त तीन वर्षं. मात्र जखमी माणूस दगावला आणि खुनाचं कलम लागलं तर हा हिशेब बदलतो, तेव्हा तब्येतीची चौकशी करत राहा.