पहिली, दुसरी, तिसरी, चौथी आणि सहावी क्रेनियल नर्व्ह लक्षात कशा ठेवायच्या? चौथी सोडली तर चालेल का?

मेंदूतून थेट निघणाऱ्या या नर्व्हपैकी चौथी सोडायची नाही. आमच्या वर्गातही सगळ्यांनी सोडली होती. मला ती बाबांनी शिकवली, जिना उतरताना.

मी ऑप्टोमेट्रिस्ट, नौपाड्यात चष्म्याच्या दुकानात तपासणीला बसते. तेव्हा तिसऱ्या वर्षाला होते. पावसाळ्यात ठाणे स्टेशनच्या पुलावर बाबा घसरले, डोक्याची मागची बाजू पायरीवर आपटली. स्कॅनमध्ये काही नाही, दुसऱ्या दिवशी घरी. आठवड्याभरात बाबा मान डावीकडे कलती ठेवून बसायला लागले. घरातले एकमेव डॉक्टर म्हणजे काका. त्यांनी फोनवरच निकाल दिला, "स्पॉन्डिलायसिस." मानेचा पट्टा आला, शेक सुरू झाला. कळव्याच्या आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. पट्ट्याने मान सरळ झाली आणि बाबा कठडा सोडेनात. म्हणायचे, "पायरीवर पायरी दिसते गं, पाय कुठे ठेवू?"

मी त्यांचा एक डोळा तळहाताने झाकला. एकच पायरी. दुसरा झाकला, तरी एकच. दोन्ही उघडे ठेवले की एकावर एक दोन. पट्टा काढून मान उजवीकडे कलवली तर त्या लांब गेल्या, डावीकडे कलवली तर जुळल्या. उजव्या डोळ्याची चौथी! मग कपाटातून लग्नाचा अल्बम काढला, कारण दोष जन्मापासूनचा असला तर जुन्या फोटोंतही मान कललेली सापडते. मुंडावळ्या बांधलेल्या बाबांची मान ताठ. म्हणजे दुखणं नवीनच.

चौथी ही क्रेनियल नर्व्हमधली सगळ्यांत बारीक, कवटीच्या आतला प्रवास सगळ्यांत लांबचा. ब्रेनस्टेमच्या, म्हणजे मेंदूच्या देठाच्या, मागून निघणारी ही एकटीच, आणि बाजूही बदलते. म्हणून डोक्याला मार लागला की हिला पटकन इजा होते. ती सुपिरियर ऑब्लिकला जाते. डोळा नाकाकडे वळलेला असताना त्याला खाली नेणारा स्नायू हाच, म्हणून जिना उतरताना आणि वाचताना खरी पंचाईत होते. डोळ्याला आतल्या बाजूला पीळही हाच देतो. ती कसर बाबा मान कलवून भरून काढत होते आणि आम्ही नेमकी तीच मान पट्ट्यात बांधली.

काका म्हणाले, "चष्मे विकायला शिकतेस ना, तेवढंच शिक."

मग आईच्या लक्षात आलं की दूध करपून पातेलं काळं झालं तरी बाबा शेजारीच पेपर वाचत बसले होते. काकांनी येऊन त्यांच्या नाकाशी अमृतांजन धरलं. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघ, वास येतो!" अहो, ती झोंबते ती पाचवीला, चेहऱ्याची संवेदना नेणाऱ्या नर्व्हला. वास तपासायचा तर डोळे मिटून, एकेका नाकपुडीला, कॉफीसारख्या न झोंबणाऱ्या वस्तूने. मी कॉफीचा डबा उघडून धरला तर बाबा म्हणाले, "धर ना लवकर." नाकाच्या छताला चाळणीसारखं हाड असतं, त्यातून पहिलीचे, म्हणजे वासाच्या नर्व्हचे, वीसेक बारके जुडगे वर जातात. आपटल्यावर मेंदू कवटीत हलतो आणि ते तुटतात.

शेवटी डोळ्यांच्या न्यूरोवाल्या मॅडमनी दोन्ही गोष्टी कागदावर लिहून दिल्या. चष्म्याला दोन प्रतिमा जुळवणारा प्रिझम लावला आणि पाचेक महिन्यांत पायऱ्या जुळल्या. वास अर्धाच परत आला.

आता तुझं राहिलेलं. डोळा हलवणाऱ्यांचं सूत्र क्लासमध्ये सांगतात तेच: एलआर सिक्स, एसओ फोर, बाकी सगळं थ्री. एलआर म्हणजे लॅटरल रेक्टस, डोळा बाहेर वळवणारा स्नायू; एसओ म्हणजे वरचा सुपिरियर ऑब्लिक. दुसरी, म्हणजे नजरेची, पाठ करू नकोस, दोन रंगांत कायझ्मा काढ, म्हणजे दोन्ही डोळ्यांच्या दुसऱ्या जिथे भेटतात ती जागा. नाकाकडच्या अर्ध्या रेटिनाचे (डोळ्याच्या आतल्या पडद्याचे) तंतू तिथे बाजू बदलतात, म्हणून मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीची गाठ खालून दाबते तेव्हा दोन्हीकडचं बाहेरचं दिसेनासं होतं. तिसरी पापणी उचलते आणि बाहुलीही लहान करते. बाहुलीचे तंतू नर्व्हच्या पृष्ठभागाला असतात, म्हणून बाहेरून दाब आला की बाहुली आधी मोठी होते, मधुमेहात बहुतेकदा वाचते. सहावी डोळा बाहेर वळवते, आणि कवटीतला दाब वाढला की मूळ बिघाड दुसरीकडे असतानाही लुळी पडू शकते.

हे वाचून घरच्यांना तपासत बसू नकोस हं. दोन दिसण्याची कारणं भरपूर आहेत. पापणी लोंबलेली, बाहुली मोठी आणि डोकं फुटायची वेळ आलेली असेल तर कॉफी न शोधता कॅज्युअल्टी गाठ.

काका अजून म्हणतात, पट्ट्यानेच बरं झालं. तो पट्टा मी टाकलेला नाही. ते यायचे असले की दारामागच्या खुंटीला लावून ठेवते.