एफ कॉर्ड वाजत नाही? आधी गिटारचा नट बघा

वय 41, गिटार घेऊन तीन महिने झाले, ई मायनर, ए मायनर, सी, जी हे कॉर्ड (एकत्र वाजवायचे स्वर) जमतात, पण एफ धरला की तारा खरखरतात. शिकवणारे म्हणतात बोटांत ताकद नाही, मग सोडून देऊ का, असं तुम्ही विचारलंय. सोडू नका. बोटांवर खापर फोडण्याआधी गिटार तपासा.

माझंही हेच झालं होतं. जवळजवळ आठ महिने मी एफशी झगडलो आणि आपल्याला हे जमणारच नाही असं धरून चाललो. मग एका दुरुस्तीवाल्याने नटच्या खाचा थोड्या घासून दिल्या आणि त्याच संध्याकाळी सहाच्या सहा तारा वाजल्या. ते आठ महिने वाया गेले याचं मला अजून वाईट वाटतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

नट म्हणजे मानेच्या टोकाला, खुंट्यांच्या अलीकडे असलेली पट्टी. स्वस्तातल्या नव्या गिटारवर तिच्या खाचा बऱ्याचदा पुरेशा खोल नसतात. मग तार उंच राहते, आणि त्याचा सगळ्यात जास्त त्रास पहिल्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांनी पडलेल्या घरांपैकी पहिल्या घरात) होतो. एफ नेमका तिथेच धरायचा असतो! तपासायला सोपं आहे. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटच्या पट्टीवर किती फट उरते ते बघा. जेमतेम कागद सरकेल इतकीच हवी. आणखी एक खूण: एफचाच आकार पाचव्या फ्रेटवर धरा (तो ए होतो). तिथे स्वच्छ वाजत असेल तर तुमची बोटं ठीक आहेत.

मग बाराव्या फ्रेटवर फूटपट्टी लावा. फ्रेटच्या धातूच्या पट्टीच्या माथ्यापासून जाड ई तारेपर्यंत अडीच मिलिमीटरच्या आसपास अंतर चांगलं, तीनच्या वर गेलं की हात दमतो. पावसाळ्यात दमट हवेने लाकूड फुगून तारा वर येतात, त्यामुळे जूनमध्ये अचानक जड वाटायला लागली तर घाबरू नका. मानेतला ट्रस रॉड (मान सरळ ठेवणारी सळई) मात्र घरी पिळू नका, आणि नटही स्वतः घासू नका. खाच एकदा जास्त खोल गेली की तार फ्रेटला लागून झणझणते.

दुरुस्ती होईपर्यंत सगळ्या तारा एक पूर्ण स्वर (दोन फ्रेटांइतक्या) खाली लावा. ताण सुमारे 20 टक्के कमी होतो, दाबायला लगेच फरक जाणवतो. पुढच्या वेळी तारा बदलाल तेव्हा 12 ऐवजी 10 चा, म्हणजे बारीक तारांचा संच घ्या.

तोवर एफ नसलेली गाणी वाजवा. आपल्याकडे गाणारा सूर सांगतो तो पेटीच्या काळी-पांढरीत, तिथे कॅपो (मानेवर लावून सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) फार उपयोगी. काळी 4 असेल तर कॅपो पहिल्या फ्रेटवर लावून जी, सी, डी. काळी 5 ला तेच कॉर्ड, कॅपो तिसऱ्यावर. काळी 1 ला कॅपो चौथ्यावर आणि ए, डी, ई. एकाही ठिकाणी बार कॉर्ड (एफसारखा, एका बोटाने सगळ्या तारा दाबायचा) लागत नाही. घरात कोणी गाणारं असेल तर त्यांच्याबरोबरच बसा, एकट्याने रेटण्यापेक्षा हात लवकर बसतो.

कॉर्ड बदलताना सगळी बोटं उचलू नका. ए मायनरवरून सीवर जाताना पहिलं आणि मधलं बोट जागेवरच राहतं, फक्त अनामिका पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर जाते. एवढाच बदल सावकाश, तालात करत राहा. दादऱ्यासाठी पहिल्या आणि चौथ्या मात्रेला खर्जाची (जाड) तार, बाकीच्या मात्रांना वरून खाली हलके झटके. बदल चुकला तरी उजवा हात थांबवू नका. ही सवय लावायला मला स्वतःला सगळ्यात जास्त वेळ लागला.

बोटं दुखणं तीन-चार आठवड्यांत कमी व्हायला हवं, टोकांना घट्टे पडतात. रोज 15 मिनिटं पुरेत. पण मनगट किंवा अंगठ्याचा सांधा दुखत असेल तर लगेच थांबा, तिथे जोर लावायचा नसतो.

पहिल्या फ्रेटवरची फट आणि बाराव्यावरचं अंतर, दोन्ही कळवा. मग नट घासून घ्यायचा की आधी तारा बदलायच्या ते ठरवू.