फ्रेंचमध्ये भूतकाळ कसा करायचा? आव्वार (जवळ असणं) कधी, एत्र (असणं) कधी आणि हे अँपारफे (चालू असलेल्या किंवा सवयीच्या गोष्टींचा भूतकाळ) मध्येच कुठून आलं?

मी फ्रेंचच्या शिकवण्या घेते, हा गोंधळ प्रत्येक बॅचला असतो आणि इंग्रजीतून समजून घ्यायला गेलं की तो वाढतोच, म्हणून मराठीतूनच बघा.

पासे काँपोझे (घडून संपलेल्या गोष्टींचा भूतकाळ) म्हणजे आव्वार किंवा एत्रचं वर्तमानकाळी रूप आणि पुढे क्रियापदाचं भूतकाळी रूप. फिनीरचं (संपवणं) फिनी, व्हाँद्रचं (विकणं) व्हाँद्यु वगैरे, अनियमित असतील ती पाठच करा, इलाज नाही. बहुतेकांना आव्वारच लागतं. जाणं, येणं, निघणं, पोचणं, पडणं, जन्मणं, मरणं अशी मोजकी एत्र घेतात आणि मग रूप कर्त्याप्रमाणे बदलतं, यात आपल्याला नवीन काय, मी गेलो मी गेले करतोच ना आपण! पुरुषाने झ सुई आले लिहायचं, बाईने शेवटी एक ई जास्त, उच्चार तोच. (हो, तिकडे आले म्हणजे गेले.) फक्त 'हालचाल म्हणजे एत्र' असं घोकू नका, चालणं म्हणजे मार्शे, त्याला आव्वारच लागतं. आणि देसाँद्र बघा, मी उतरले तर एत्र, मी बॅगा उतरवल्या तर आव्वार, कर्म आलं की गाडी आव्वारवर.

आव्वार असेल तर रूप एरवी बदलत नाही, पण कर्म क्रियापदाच्या आधी आलं की बदलतं. झे प्री ला फोतो (मी फोटो काढला), पण ला फोतो क झे प्रीझ (मी काढलेला फोटो). 'मी पोळी खाल्ली'मध्ये आपण हेच करतो, फक्त आपल्याकडे कर्म कुठेही असलं तरी चालतं.

अँपारफेसाठी वर्तमानकाळातलं नूचं (म्हणजे 'आम्ही'चं) रूप घ्या, शेवटचं ओं काढा, प्रत्यय लावा, अपवाद फक्त एत्र. आपलं 'जेवत होते' आणि 'लहानपणी जायचो' दोन्ही यातच. झ माँझे काँ ल तेलेफोन आ सोने, मी जेवत होते तेवढ्यात फोन वाजला.

पण मराठी माणूस हमखास अडकतो तो इथे: 'मी दहा वर्षं पुण्यात राहत होते'. आपल्याकडे 'राहत होते' आहे म्हणून सगळे अँपारफे ठोकून देतात, पण दहा वर्षं असा हिशेब दिलात की तो काळ बंद झाला, मग झे आबिते आ पुने पाँदाँ दी-झाँ, पासे काँपोझेच. नुसतं 'तेव्हा मी पुण्यात राहत होते' असेल तर झाबिते, म्हणजे अँपारफे.

कादंबरीत पासे सँप्ल हा आणखी एक भूतकाळ दिसेल, ते ओळखता आलं की बास, बोलताना कोणी वापरत नाही.