"बाई, पुढं काय करू?"

अगं, दिवसभर वर्गात पोरांकडून हे ऐकून तू दमतेस, पण त्यात त्यांचा दोष नाही. दर पायरीला बाईंना विचारायची सवय आपणच लावतो. माझी रत्नागिरीकडची शाळा दोनशिक्षकी, पहिली-दुसरी एकाच खोलीत. एका वर्गाला शिकवताना दुसऱ्यानं आपापलं काम करणं ही आमची गरजच.

आमचा नियम असा: आधी फळा बघ, मग शेजाऱ्याला विचार, मग बाई. पहिले पंधरा दिवस गोंधळ होतो, होऊ दे. फक्त भर पावसात सुरू करू नकोस. निम्मी मुलं घरी असतात, घडी बसत नाही.

आणि प्रश्न विचारलास की थांब. मेरी बड रो या संशोधिकेनं १९७०च्या दशकात वर्गांतली ध्वनिमुद्रणं ऐकून मोजलं होतं: शिक्षक जेमतेम १ सेकंद थांबतात. ३ सेकंद थांबले की उत्तरं लांबतात, गप्प मुलंही बोलू लागतात. परवा एकजण २३ मधून ८ वजा करताना काजूबिया मांडून अडला. माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले (जीव वरखाली होत होता!). त्यानं हळूच दहाची एक पुरचुंडी सोडली नि पुन्हा मोजायला बसला.

साहित्य मात्र त्यांच्या हाताला लागेल असं ठेव. आमच्या कपाटाला दोन वर्षं कुलूप होतं, किल्ली माझ्याच पर्समध्ये.