वाचकांचे प्रश्न : बघतात सगळे, कळवत कोणी नाही

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ३१० सभासद आहेत. आठवड्यातून दोन-तीनदा ‘रोज ५ टक्के परतावा’ छाप जाहिराती पडतात. मध्यंतरी रात्री लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके फाइल (उघडली की फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी) आली आणि सकाळपर्यंत तशीच होती. दोनशे जणांनी पाहिली, कळवलं एकानेही नाही. लोकांनी कळवावं यासाठी काय करता येईल? (सोसायटी सचिव, डोंबिवली)

दोनशे जणांनी पाहिली म्हणूनच कोणी कळवलं नाही. प्रत्येकाला वाटतं, एवढे जण आहेत, कुणीतरी सांगितलंच असेल. त्यात जाहिरात बऱ्याचदा ओळखीच्याच माणसाच्या नावाने येते, मग शेजाऱ्याची चुगली केल्यासारखं होतं. शिवाय ज्याने मागे कधी कळवलं होतं, त्याला त्याचं पुढे काय झालं हे कुणी सांगितलेलं नसतं. तुमचा इलाज या शेवटच्या गोष्टीत आहे. कळवणाऱ्या प्रत्येकाला त्याच दिवशी दोन ओळींचं उत्तर जायलाच हवं: ‘काढलं, धन्यवाद’ किंवा ‘ठेवलं, कारण अमुक’. नकाराचं कारण सांगितलं तर माणूस पुन्हा कळवतो. उत्तरच आलं नाही तर तो दुसऱ्यांदा त्या वाटेला जात नाही.

कळवण्याची रीतही सोपी ठेवा. संदेशावर लाल झेंड्याची इमोजी ठेवायची, बास. इतरांनाही तिथल्या तिथे इशारा मिळतो. मात्र इमोजी कुणी ठेवली हे सगळ्यांना दिसतं, म्हणून भिडस्त माणसांसाठी दुसरी वाट हवी: स्क्रीनशॉट काढून अ‍ॅडमिनला खासगीत पाठवणे. स्क्रीनशॉटच. ‘हे बघा काय आलंय’ म्हणून मूळ संदेश फॉरवर्ड केला की एपीके आणखी एका फोनवर पोचते.

अ‍ॅडमिन किमान तीन नेमा, आणि त्यातला एक रात्रपाळीचा किंवा परदेशात मुलाकडे गेलेला असला तर उत्तमच. संदेश दिसल्यावर क्रम असा ठेवा: आधी स्क्रीनशॉट, मग संदेश दाबून धरून ‘रिपोर्ट’, मग ‘डिलीट फॉर एव्हरीवन’, शेवटी त्या नंबरला ग्रुपमधून काढणे. आधी डिलीट केलं तर रिपोर्ट करायला हातात काही उरत नाही. एकापाठोपाठ एक संदेश पडत असतील तर ग्रुप पर्मिशन्समध्ये जाऊन संदेश पाठवण्याची मुभा फक्त अ‍ॅडमिनपुरती करा, साफसफाई करा आणि पुन्हा खुली करा.

सभासदांना एक गोष्ट निक्षून सांगा: रिपोर्ट संदेशाला करायचा, ग्रुपला नाही. ग्रुपच्या माहितीच्या पानावर अगदी खाली ‘रिपोर्ट ग्रुप’ असतं. घाईत तेच दाबलं जातं, सोबतच्या चौकटीत बाहेर पडण्याची टिकमार्क असते, आणि तक्रार करणारा स्वतःच ग्रुपबाहेर. वर सोसायटीचाच ग्रुप संशयितांच्या यादीत. नुसतं ब्लॉक करूनही भागत नाही, ब्लॉक केलेल्याचे संदेश ग्रुपमध्ये येतच राहतात. रिपोर्ट केल्याचं समोरच्याला कळत नाही, हेही सांगा. बरेच जण याच भीतीने थांबतात.

आता मूळ भोक. तुमच्या लिफ्टमध्ये ग्रुपचा क्यूआर कोड चिकटवलेला असेल तर तो आजच काढा. येणारा-जाणारा कुणीही त्याचा फोटो काढू शकतो. ‘रिसेट लिंक’ केलं की जुना कोड बाद होतो. सोबत नव्या सभासदासाठी अ‍ॅडमिनची मंजुरी सुरू करा, आणि मंजुरी देताना फ्लॅट नंबर विचारा.

जास्तीत जास्त तक्रारी करणाऱ्या सभासदाला दर महिन्याला भेटवस्तू द्यावी, असा आमच्या समितीत प्रस्ताव आहे. योग्य आहे का? (सांगली)

नाही. संख्येवर बक्षीस ठेवलंत की संख्या वाढते, कचरा कमी होत नाही. पहिला बळी जातो तो घरगुती दिवाळी फराळ विकणाऱ्या वहिनींचा, तोही बहुधा पार्किंगच्या जुन्या भांडणावरून. त्यापेक्षा सभासदांच्या व्यवसायासाठी आठवड्यातला एक वार ठरवा, म्हणजे जाहिरात कुठली आणि उपद्रव कुठला हा वादच संपतो. महिन्याअखेरीस चार ओळींचा हिशोब टाका: किती संदेश काढले, त्यातले किती सभासदांनी दाखवले, किती तक्रारी चुकीच्या निघाल्या. नावं न घेता. आकडा लहान असला तरी चालेल.

कर्जाच्या फोनबद्दल मी १९०९ वर (नको असलेल्या जाहिरातींच्या तक्रारीचा नंबर) तक्रार केली, ती फेटाळली गेली. एकट्याने तक्रार करून खरंच काही होतं का? (नाशिक)

एकट्याने कमी होतं, पाच जणांनी बरंच होतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, नियम बदलले. पूर्वी एखाद्या नंबरवर ७ दिवसांत १० तक्रारी आल्या तर कारवाईचा उंबरठा गाठला जाई, आता १० दिवसांत ५ तक्रारी पुरतात. नोंदणी न करता जाहिरातीचे फोन करणाऱ्यावर कारवाईची मुदतही ३० दिवसांवरून ५ दिवसांवर आली. पहिल्या वेळी त्याची आउटगोइंग सेवा १५ दिवस बंद होते, पुन्हा तेच केलं तर सगळी कनेक्शनं वर्षभरासाठी तोडली जातात. तेव्हा एकाच नंबरवरून शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही फोन आले असतील तर ज्याने त्याने आपापल्या मोबाइलवरून तक्रार करावी. एकाने सगळ्यांच्या वतीने केलेली तक्रार एकच धरली जाते.

तक्रार फोन आल्यापासून ७ दिवसांच्या आत हवी (पूर्वी ३ दिवस होते) आणि ज्या सिमवर फोन आला त्याच सिमवरून. एसएमएसमध्ये या क्रमाने लिहा: फोन कशाबद्दल होता ते थोडक्यात, स्वल्पविराम, फोन करणाऱ्याचा नंबर, स्वल्पविराम, तारीख. तारखेत दिवस, महिना, वर्ष दोन-दोन अंकी. तक्रारी बाद होतात त्या बहुधा इथेच: तारीख उलटी, नंबरातला एक आकडा गळलेला किंवा मजकुरात नुसतंच ‘स्पॅम’. दुसरं कारण म्हणजे तुमची संमती. कर्जाच्या अर्जावर बारीक अक्षरातल्या अटीखाली सही केली असेल तर कंपनी तीच पुढे करते. संमती मागे घ्या, मग पुढच्या फोनची तक्रार टिकते.

एसएमएस आला असेल तर पाठवणाऱ्याच्या नावाचं शेवटचं अक्षर बघा. ‘पी’ म्हणजे जाहिरात, ‘एस’ म्हणजे सेवा, ‘टी’ म्हणजे व्यवहार, ‘जी’ म्हणजे सरकारी. ‘एस’च्या आडून कर्ज विकलं जात असेल तर तक्रारीत तसं स्पष्ट लिहा.

व्हॉट्सअ‍ॅपवरच्या त्रासाशी १९०९ चा संबंध नाही. फसवणुकीचा संशय असलेला फोन, एसएमएस किंवा व्हॉट्सअ‍ॅप संदेश ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवरच्या ‘चक्षू’ सुविधेत ३० दिवसांच्या आत नोंदवा. पैसे गेले असतील तर चक्षूवर वेळ घालवू नका, थेट १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा.

ग्रुपवर कुणी भलतंसलतं टाकलं तर अ‍ॅडमिनवर गुन्हा दाखल होतो, म्हणून आमच्याकडे अ‍ॅडमिन व्हायलाच कुणी तयार नाही. (गोंदिया)

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये याच मुद्द्यावर निकाल दिला आहे, आणि ते प्रकरण तुमच्याच जिल्ह्यातलं होतं. समान उद्देश किंवा आधी ठरवलेला बेत दिसत नसेल, तर सभासदाच्या संदेशासाठी केवळ अ‍ॅडमिन म्हणून कुणाला जबाबदार धरता येत नाही. अर्थात त्या संदेशावर पसंतीच्या अंगठ्याची इमोजी ठेवून बसू नका.

माझ्या नावाने ग्रुपवर जाहिराती गेल्या आणि मला काढून टाकलं. मी काहीच पाठवलं नव्हतं. (ज्येष्ठ नागरिक, पुणे)

तुमचं खातं दुसऱ्याच्या हातात गेलं असणार. तुमच्याकडून कुणीतरी सहा आकडी ओटीपी काढून घेतला असेल, किंवा ‘कुरिअर अडकलंय, हा कोड डायल करा’ म्हणून तुमचे फोन दुसरीकडे वळवून ओटीपी फोनवर ऐकला असेल. आधी दोनदा हॅश, ००२, हॅश असं डायल करा, म्हणजे वळवलेले फोन परत येतील. मग व्हॉट्सअ‍ॅपमध्ये तुमच्याच नंबरने पुन्हा नोंदणी करा. नवा ओटीपी टाकला की समोरचा बाहेर फेकला जातो. तुम्ही कधी न ठेवलेला पिन मागितला तर तो चोराने ठेवलेला आहे. ७ दिवस थांबावं लागेल, पण तोवर त्यालाही आत येता येत नाही. खातं मिळाल्यावर ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मधली अनोळखी यंत्रं काढा आणि टू-स्टेप पिन लावा. तुम्ही स्वतः एपीके उघडली असेल तर मात्र आधी इंटरनेट बंद करा, ते अ‍ॅप काढा आणि बँकेला दुसऱ्या फोनवरून कळवा. तो फोन तुमचे एसएमएस बाहेर पाठवत असू शकतो.

अ‍ॅडमिननी तुम्हाला परत घेताना ग्रुपवर एक ओळ टाकावी: ‘यांचं खातं चोरीला गेलं होतं, आता परत मिळालं आहे.’ तेवढ्याने लिफ्टमध्ये मान खाली घालायची वेळ येत नाही.