तीन नोकऱ्या बदलून झाल्या, तरी दिशा सापडत नाही. आता काय करावे?

पदवीनंतर चार वर्षांत तीन नोकऱ्या बदलल्या, म्हणजे धरसोडच झाली, असे आपण प्रश्नात म्हटले आहे. मला ते पटत नाही. रॉबर्ट टोपेल आणि मायकेल वॉर्ड या अर्थशास्त्रज्ञांच्या १९९२ सालच्या अभ्यासात असे दिसले की, अमेरिकेतील तरुण पुरुषांच्या कामाच्या पहिल्या दहा वर्षांत सर्वसाधारणपणे सात नोकऱ्या होत होत्या आणि त्या काळातील पगारवाढीचा किमान एक तृतीयांश भाग नोकरी बदलल्यामुळे पदरात पडत होता.

मात्र नुसते बदलत राहून दिशा सापडत नाही. पदनामे बाजूला ठेवून, प्रत्येक नोकरीत कोणते काम आपण कोणी न सांगता आधी हातात घेत होतात आणि कोणते आठवडाअखेरपर्यंत ढकलत होतात, एवढे कागदावर मांडावे. ग्राहकांना फोन करणे नकोसे वाटणारा, पण महिन्याचा विक्री-तक्ता उशिरापर्यंत बसून नीटनेटका करणारा विक्री प्रतिनिधी बहुधा विश्लेषणाकडे झुकलेला असतो, आणि त्याच्या बायोडेटात हे कुठेच दिसत नाही. केवळ जाचक वरिष्ठामुळे सोडलेली नोकरी या हिशेबात धरू नये.

नव्याने सुरुवात करायचीच असेल, तर भूमिका किंवा क्षेत्र यांपैकी शक्यतो एकच बदलावे. दोन्ही एकदम बदलल्यास आधीचा अनुभव फारसा मोजला जात नाही. तिन्ही बदलांची कारणे, आधीच्या मालकांना नावे न ठेवता, मुलाखतीत दोन-तीन वाक्यांत सांगता येत नसतील, तर राजीनामा काही महिने लांबवणे बरे (गाठीशी शिल्लक नसेल, तर लांबवावाच).