अभंगाची चाल एकट्या गिटारवर भरीव कशी वाजवावी?

तुमचा प्रश्न असा की चाल एकेका तारेवर नीट येते, पण गाणारा नसला की ती पोकळ वाटते, मग कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे तीन-चार स्वर, कुठून भरायच्या? मी सांगेन, कॉर्ड सगळ्यात शेवटी.

मीही आधी कॉर्डच भरल्या होत्या. फोंड्याला घरी पहिल्यांदा अभंग वाजवला तो प्रत्येक स्वराखाली एकेक कॉर्ड ठेवून. भजनात पेटी वाजवणारे आमचे काका शेवटपर्यंत ऐकून म्हणाले, "चाल खंय गेली रे?" ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

आधी पट्टी ठरवा. चाल वरच्या, म्हणजे उंच आवाजाच्या बारीक दोन तारांवर आली पाहिजे आणि खालच्या जाड तारा अंगठ्यासाठी मोकळ्या राहिल्या पाहिजेत. मी सहावी तार दोन पडदे उतरवून डी करतो. मग सहावी, पाचवी, चौथी या मोकळ्या तारा सा-प-सा होतात, म्हणजे तंबोराच हाती आला. चालीचा सा दुसऱ्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर, प पहिल्या तारेच्या पाचव्यावर. ही झाली पेटीवरची पांढरी दोन. गायक काळी दोनमध्ये गाणार असेल तर पहिल्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबणारा चिमटा, लावा.

आता नुसता अंगठा आणि चाल. भजनी ठेक्याच्या आठ मात्रांत अंगठा पहिल्या आणि पाचव्या मात्रेवरच पडू दे. आठवडाभर एवढंच वाजवा. ऐकायला ते अपुरं वाटत नाही, खरंच.

कॉर्ड निवडताना राग बघा. चाल भूप रागाची असेल तर त्यात म आणि नी नाहीत. धैवतावर थांबलात की हात सवयीने जी कॉर्डकडे जातो, पण त्या कॉर्डमधला जी हा स्वर म्हणजेच म, आणि तो तिथे टोचतो. बी मायनर घ्या, त्यातले तिन्ही स्वर, ध-सा-ग, भूपातलेच. ए कॉर्डमधला सी शार्प म्हणजे नी, तो गाळून फक्त प आणि रे वाजवा.

मांडो या गोव्याच्या गाण्यात दुसरा आवाज चालीच्या जोडीनं चालतो, तसा जोडस्वर इथेही गोड लागतो, पण फक्त थांबण्याच्या स्वरावर. पहिल्या तारेवर दुसऱ्या पडद्याचा ग वाजवताना तिसऱ्या तारेचा दुसरा पडदा, म्हणजे खालचा प, सोबत छेडून बघा. माझी सगळ्यात आवडती जागा ती.

मींडेच्या जागी, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाताना, कॉर्ड धरून बोट अडकवू नका, तिथे खालची मोकळी तार घुमत राहू दे. भरायचं असेल ते गाणारा श्वास घेतो त्या फटीत भरा. ती फट सापडायला वाजवताना शब्द मोठ्यानं म्हणा. मी अजूनही म्हणतो.